सासूच्या मुठीतलं जोडवं

माझं डोकं उजव्या बाजूनं दुखायचं. भुवईच्या वर सुरू व्हायचं, तिथून डोळ्यामागं, मग कानशील, मग मानेची शीर. दिवस चढेल तसं चढायचं आणि उन्हं कलली की उतरायचं. अर्धशिशी म्हणतात त्याला. ती आली की उजेड नको वाटतो, आवाज नको वाटतो, वास नको वाटतो. शेतकऱ्याच्या घरातल्या सुनेला या तिन्हीतलं काहीच चुकवता येत नाही.

आता शहरात तळपाय दाबून देणाऱ्या बायका असतात. माझी नात तिच्या डोकेदुखीसाठी तसल्या एकीकडं जाते. ती सांगत होती, भिंतीवर पायाचं मोठं चित्र लावलेलं असतं, त्यात डोकं कुठं, डोळे कुठं, पोट कुठं ते रंगवलेलं असतं. तिला वाटलं, आजीला हे नवीन असेल. मी म्हटलं, मला चित्र नव्हतं एवढंच. ती म्हणाली, मग लिहून काढ. माझी शाळा चौथीपर्यंतची. जमेल तसं लिहिते.

माहेर निरवांगीचं, सासर पणदऱ्याचं. माहेरी जिराईत रान, बाजरी आणि ज्वारी. पणदऱ्याला पाटाचं पाणी आणि ऊस. लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. जिराईत रान वर्षातले काही महिने तरी गप्प पडून राहतं. पाटाखालचं रान कधी गप्प बसत नाही आणि बायकांनाही बसू देत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

घरात चार माणसं. सासरे, सासू, माझे मालक आणि मी. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, कारखान्यांच्या गोष्टी लोक बोलायला लागले होते, पण आमचा ऊस घरच्याच गुऱ्हाळात जायचा. थंडी पडली की चरक फिरायला लागायचा. माझं काम पिळून निघालेली चिपाडं उचलायची, पसरून वाळवायची आणि वाळलेली चुलवाणापाशी नेऊन टाकायची. चुलवाणावर काईल असते, तीत रस उकळतो. उकळताना वर काळी मळी येते. तिचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. गोड असतो, पण घशात बसतो. धूर, उन्हाची तिरीप आणि तो वास. माझं डोकं तिथं सुरू झालं.

पहिल्याच हंगामात मी चिपाडाच्या ढिगापाशी ओकले. सासूनं लांबून बघितलं आणि तिचं तोंड एकदम उजळलं.

"बस तितंच. उठू नगंस. चिंच आणू का?"

मी पंधरा-सोळा वर्षांची होते. मला वाटलं, चिंचेनं डोकं उतरत असेल. म्हटलं, आणा. मी बुटुकभर चिंच खाल्ली. डोकं काही उतरलं नाही, पण सासूनं त्या दिवशी मला ओझं उचलू दिलं नाही आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला खबर दिली. बायका येऊन माझ्याकडं बघून हसून गेल्या. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की डोकं दुखतंय.

पुढं मी ठरल्या वेळी बाजूला बसले. सासूनं ते बघितलं. मग तांब्या आपटून म्हणाली, "साऱ्या आळीत खोटी पाडलीस मला."

तेव्हापासून मी ओकले की ती आधी बोटांवर दिवस मोजायची, आशेनं बघायची, आणि मग चिडायची. माझं दुखणं तिला दरवेळी नव्यानं फसवत होतं. मला मूल होत नव्हतं, आणि ज्या दिवशी कामाची गर्दी असेल नेमकी त्याच दिवशी मी अंधाराचा कोपरा शोधायचे. त्या दोन गोष्टींची एकच गोष्ट झाली. सूनबाई सोंग करते.

उपाय केले नाहीत असं नाही. सुंठ उगाळून लावली. नाकात तूप सोडलं. उजाडायच्या आत गूळ-खोबरं खायला घातलं. एका माणसानं कानशिलावर बिब्ब्याचा डाग दिला. डाग अजून आहे. त्यानं डोकं थांबलं नाही, ती जागा मात्र चिघळली आणि पदर डोक्यावरून घेताना चिकटायला लागली. शेवटी मालक मला बारामतीला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. मालकांनी घरी येऊन तसंच सांगितलं.

सासू म्हणाली, "इश्रांती? ती कंच्या दुकानात मिळती? दोन शेर मलाबी आणायची की."

सासरे हसले. मीही हसले असते, पण हसलं की डोळ्यामागं ठणकायचं.

हंगामाच्या ऐन भरात एकदा काईल चुलवाणावर होती, माणसं खोळंबली होती आणि मी चिपाडं टाकून गोठ्यात जाऊन पडले. तिथं सासरे आले. आत आले नाहीत, सुनेशी ते थेट बोलायचे नाहीत. दारातून बैलाला सांगितल्यासारखं बोलले, "हा हंगाम बघायचा. पुढच्यालाबी असंच चाललं तर हिच्या बापाला सांगावा धाडायचा. घेऊन जा म्हणावं. आमाला दुसरी बघाय लागंल."

त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. लंगडा बैल बाजारात न्यायचा म्हणतात तसं म्हटलं. म्हणून मला भीती वाटली.

माहेरी जाणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. माझ्या वडिलांची एक बहीण नवऱ्यानं टाकलेली होती, ती आमच्याकडंच होती. ती सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागं जेवायची आणि वैरणीच्या खोलीत झोपायची. घरात कुणी तिला वाईट बोलायचं नाही. कुणी काहीच बोलायचं नाही. लहानपणी मला वाटायचं ती घरातलीच एक वस्तू आहे. पणदऱ्याला मला जागा नव्हती आणि निरवांगीला फक्त तिच्या शेजारी होती.

आता पायाचं सांगते.

दुपारची जेवणं झाली की सासू ओसरीच्या कडेला आडवी व्हायची आणि मी तिचे तळपाय काशाच्या वाटीनं घासायचे. तळव्याला थोडं तूप लावायचं आणि वाटीचं बूड गोल फिरवत राहायचं. घासता घासता तळवा काळा पडतो. उष्णता निघाली म्हणतात. सासूचे डोळे चुरचुरायचे, त्यासाठी ती हे करून घ्यायची. हे काम धाकट्यानं थोरल्याचं करायचं असतं. सुनेचे पाय घासायला घरात कुणी नसतं.

एकदा माझं डोकं चढत होतं आणि मी घासत होते. सासू डोळे मिटून म्हणाली, "वाटी ठीव. अंगठ्याच्या बुडाला बोटानं दाब. जोरानं. तितनं डोळ्याला जातंय. आता हलकं झालं बघ."

मी दाबत राहिले आणि मनात म्हटलं, हिचे डोळे अंगठ्यातून हलके होत असतील तर माझ्या डोळ्याला काय झालंय?

दुसऱ्या दिवशी वैरण काढायच्या निमित्तानं गोठ्यामागच्या खोपीत गेले, खाली बसले आणि स्वतःचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या बुडाला दाबलं. काही नाही. मग बाजूला सरकत गेले. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बोट गेलं आणि मी ओरडणार होते. तिथं ठणका होता, तसाच, डोळ्यामागं होता तसा. दाबून धरलं. बऱ्याच वेळानं उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि ठणका एक पायरी खाली उतरला. गेला नाही, उतरला.

पण नीट दाबता येत नव्हतं, कारण शेजारच्या बोटात जोडवं होतं. लग्नात घातलेलं जाड चांदीचं. पाय वाढला, जोडवं वाढलं नाही. चिखलात आणि उन्हात बोट सुजायचं आणि जोडवं मांसात रुतायचं. दुखरी जागा निम्मी त्याच्याखाली होती.

सवाष्णीनं जोडवं काढायचं नसतं. ते नवरा मेल्यावर काढतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी बोटाला तेल लावलं, पीळ देऊन जोडवं ओढून काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मोकळी जागा दाबली, तेव्हा पहिल्यांदा माझं डोकं दुपार व्हायच्या आत उतरलं.

मग मी तेच करत गेले. सकाळी भुवईच्या वर टोचायला लागलं की लगेच खोपीत जायचे. वेळेवर दाबलं तर निम्मं दुखणं वाटेतच थांबायचं. उशीर झाला तर कितीही दाबा, काही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उपाशी राहिले की डोकं हमखास यायचं, आणि मी रोजच उपाशी असायचे, कारण पुरुष जेवणार, सासू जेवणार, मग मी. तेव्हा भाकरी थापताना पहिला चतकोर मी चुलीपाशीच गुळाबरोबर तोंडात टाकायला लागले. काईलीपाशी जाताना ओला पदर नाकावर बांधायला लागले. सासू म्हणाली, "आली बघा मारवाडीण घुंगट घेऊन." म्हणू दे. चिपाडं वेळेवर पडत होती. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला सासरे बैलालाही काही बोलले नाहीत.

मग संक्रांत आली.

संक्रांतीला सकाळपासून घरात तीळ भाजत होते आणि गुळाचा पाक चढवला होता. म्हणजे गुऱ्हाळाचा वास घरातच आला होता. त्यात सणामुळं मी काही खाल्लं नव्हतं, बायकांबरोबर सुगडं घेऊन देवळात ववसून येईपर्यंत खायचं नव्हतं. टोचायला लागलं. आळीतल्या बायका यायला अवकाश होता, म्हणून मी खोपीत गेले. बेचक्यात बोट घातलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"कुठं उलथलीस गं? बायका आल्या!"

सासूची हाक आली तशी मी उठून पळाले. जोडवं पदराच्या गाठीत तसंच. वाटलं होतं, लुगड्याच्या काठात पाय झाकतील. मी थोरल्या बायकांच्या पाया पडायला वाकले, एका म्हातारीनं हळद लावायला माझे पाय पुढं घ्यायला सांगितले आणि तिचा हात थांबला.

"अगं, हिच्या उजव्या पायात जोडवं कुठाय?"

साऱ्या बायका माझ्या पायाकडं वाकून बघायला लागल्या. सासू उठली. "पडलं असंल कुठं," ती त्या बायकांना म्हणाली. अजून तिला मला वाचवायचं होतं, किंवा आळीत पुन्हा खोटं पडायचं नव्हतं. "वैरणीत पडलं असंल. बघा, बोट सुजलंय."

मी तेवढं म्हणायला पाहिजे होतं की पडलं. पण माझ्या पदराची गाठ तिच्यासमोरच लोंबत होती. तिनं चाचपली आणि सोडली. जोडवं तेलकट होतं. पडलेलं जोडवं कुणी तेल लावून गाठीत बांधत नाही.

"संक्रांतीच्या दिवशी," सासू म्हणाली. "माझ्या ल्योकाच्या जिवावर उठलीस व्हय गं?"

बायका तिळगूळ न घेता गेल्या.

इंदापूरच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर सासऱ्यांनी निरोप धाडला. काही दिवसांनी वडील स्वतःची बैलगाडी घेऊन आले. गाडीत गवत पसरलेलं आणि वर घोंगडी अंथरलेली होती. ती मी दारातूनच बघितली. म्हणजे मला न्यायची तयारी करूनच आले होते.

ओसरीवर सासरे, वडील आणि माझे मालक बसले. सासू खांबाला टेकून. मी आतल्या दाराआड उभी. माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्यात माझं काम नव्हतं.

"पाव्हणं," सासरे म्हणाले, "दुखणं आमी सोसलं. मूल न्हाय, तेबी सोसलं. पर जोडवं काढलं सणाच्या दिशी. आता काय ठेवायचं सांगा."

"चुकलं लेकराचं, आबा," वडील म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "लहान हाय."

"लहान? तिच्याएवढ्या बायकांना दोन-दोन पोरं हायत."

माझे मालक म्हणाले, "मी हाय की हितं धडधाकट. काय झालंय मला?"

"तू गप बस," सासू म्हणाली. "बायकूचा बैल. झाल्यावर सांगाय येणार हायस काय?"

वडिलांनी खाली बघितलं. "नेतो मग," ते म्हणाले. "तिची कापडं काढा."

मला डोळ्यापुढं निरवांगीची ती टाकलेली आत्या दिसली, वैरणीच्या खोलीच्या दारात बसलेली. मी दाराच्या बाहेर आले. सासऱ्यांसमोर मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते. पदर नीट घेतला आणि सासूकडं बघून बोलले, पण ऐकायचं होतं त्यांनी.

"आत्याबाई, जोडवं रुततंय म्हणून काढलं. त्याच्याखाली दाबलं की डोकं उतरतंय. तुमीच दावलं, अंगठ्यातनं डोळ्याला जातंय म्हणून. डोकं उतरलं की काम हुतंय. ह्या हंगामात चिपाड कधी खोळंबलं का, इचारा मामांना. तुमाला काम पायजे का जोडवं पायजे?"

वडिलांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की वाटलं, आता मारतील.

"जोडवं पायजे," सासू म्हणाली.

पण सासरे विचार करत होते. गुळाची रास लागायची बाकी होती, चुलवाणापाशी दुसरं माणूस लावायचं म्हणजे कुठून आणायचं हे त्यांच्या डोक्यात फिरत असणार. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"चिपाड न्हाय खोळंबलं," ते शेवटी म्हणाले. मग सासूला म्हणाले, "अगं ए, तू बघ. बायकांचं हाय. जोडवंबी ऱ्हाऊ दे आन् कामबी होऊ दे, असं काय तरी बघ."

सासूनं ते ओसरीवरच बघितलं. तिनं ठरवलं की बारामतीच्या सोनाराकडून जोडवं कापून मोकळं करून आणायचं. आणि मला दाबायचं असेल तेव्हा मी तिच्यासमोर बसायचं, जोडवं काढून तिच्या हातात द्यायचं, तिनं ते मुठीत घट्ट धरायचं. सवाष्णीच्या मुठीत असलं म्हणजे ते उतरवलं असं होत नाही. हे कुठं सांगितलेलं नाही, तिनं स्वतः काढलं. पण ती इतक्या ठामपणे बोलली की वडिलांनीही मान हलवली, जणू निरवांगीलाही तशीच रीत आहे.

वडील जेवले. बैलांना पाणी पाजलं. मी गाडीपर्यंत गेले, तेव्हा ते घोंगडीची घडी घालत होते.

"पुन्हा तोंड उघडू नगंस," ते म्हणाले. "न्यायला लागलं असतं तर कुठं ठेवणार हुतो तुला?"

ते मला माहीत होतं. गाडी पाटाच्या पुलावरून गेली तोवर मी उभी राहिले, मग सासूनं हाक मारली. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. मी राहिले होते. तेच तर मला हवं होतं. पण परत ओसरीकडं येताना पाय जड झाले, कारण आता खोपही गेली होती. त्या घरात एकच जागा माझी होती, वैरणीमागची, आणि तीही मी बोलून घालवली होती.

पुढं वर्षानुवर्षं तसंच चाललं. दुपारी आधी तिचे पाय, काशाच्या वाटीनं. मग मी तिच्यापुढं बसून माझा पाय मांडीवर घ्यायचा आणि जोडवं काढून तिच्या तळहातावर ठेवायचं. ती मूठ मिटायची आणि माझ्याकडं बघत राहायची, माझं जोडवं नव्हे तर मीच तिच्या मुठीत असल्यासारखी. दुपारपर्यंत थांबायचं म्हणजे दुखणं चढून बसलेलं असायचं, तेव्हा उपयोग निम्माच. सकाळी टोचायला लागलं तर विचारावं लागायचं, "आत्याबाई, जरा बसता का?" ती हातातलं काम आपटून यायची.

"आटप लवकर. हात आंबला माझा."

एकदा ती म्हणाली, "माझंबी रुततंय. चाळीस वर्सं झाली." मी म्हटलं, द्या, मी धरते मुठीत. ती म्हणाली, "गप. माझं डोकं कुठं दुखतंय?" आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

पुढं मला मुलं झाली. गुऱ्हाळ बंद पडलं, ऊस कारखान्याला जायला लागला, तो वास गेला. डोकं काही गेलं नाही. ते पाळी जाईपर्यंत राहिलं आणि तिच्याबरोबर गेलं, कुणी काही न करता.

मालक गेले तेव्हा सासरहून आलेल्या नणंदेनं माझी जोडवी काढली. आता पायाची बोटं मोकळी आहेत. उजव्या पायाच्या बोटाला वळ आहे, तो भरून आला नाही. नातीला ती जागा दाखवली, तिनं दाबून बघितलं आणि विचारलं, "आजी, दुखतं का इथं?"

नाही. आता काहीच दुखत नाही तिथं.